पाहुण्यांनी पाहिले, घरच्यांचे राहिले

नाताळच्या सुटीत आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यातील अनेक घरांच्या दारांत मुंबई विमानतळावरून आलेली भाड्याची गाडी उभी राहते. आजीआजोबा चार दिवस आधीपासून घर आवरून वाट पाहत असतात. मुलगा, सून आणि नातवंडे उतरतात, अवजड बॅगा उतरतात, आणि वर्षभर दोन माणसांपुरते बोलणारे घर तीन आठवड्यांसाठी गजबजून जाते. अशाच एका नात्यातल्या घरी मागील सुटीत जाण्याचा योग आला. हे कुटुंब गेली काही वर्षे जर्मनीत नोकरीनिमित्त राहते. अकरा वर्षांची मुलगी मोठी चुणचुणीत. तिने आपण होऊन मला त्यांच्या सहलींची छायाचित्रे दाखविली. कोलोनचे कॅथीड्रल १२४८ साली बांधावयास घेतले आणि १८८० साली पुरे झाले, हे तिने न अडखळता सांगितले. अ‍ॅमस्टरडॅममध्ये अ‍ॅन फ्रँक ज्या घरात लपून राहिली ते घर पाहून आपण दिवसभर गप्प होतो, हेही सांगितले. पॅरिसचे लूव्र झाले होते, हॉलंडच्या पवनचक्क्या झाल्या होत्या. तिची आई म्हणाली, “तिकडे शनिवार-रविवार घरी बसवतच नाही. किती दिवस राहणार आहोत कोणास ठाऊक, म्हणून जे जे आहे ते पाहून घेतो.”

मी सहज विचारले, “मग या खेपेस इथले काय पाहणार?”

मुलीने वडिलांकडे पाहिले. वडील बोईसरलाच वाढलेले, कॉलेजला पालघरला जाऊन शिकलेले. ते हसून म्हणाले, “इथे काय आहे काका पाहण्यासारखे? उद्या मुंबईला जाऊ, एखादा मॉल दाखवू, झाले.”

त्या उत्तरात उद्दामपणा नव्हता. परदेशात गेल्याचा ताठाही नव्हता. ते उत्तर प्रामाणिक होते, आणि मला बोचले ते त्याचसाठी. कारण हेच उत्तर परदेशाचे तोंडही न पाहिलेल्या, शेजारच्या दहा घरांतूनही मला मिळाले असते. कदाचित काही वर्षांपूर्वी मीही तेच दिले असते.

साहेबाच्या बाईचा प्रश्न

येथे घरातील एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. १९६४ साली तारापूर अणुविद्युत केंद्रासाठी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी करार झाला आणि बेक्टेल या अमेरिकन बांधकाम कंपनीच्या सहभागाने समुद्रकाठच्या या शांत पट्ट्यात काम सुरू झाले. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी केंद्रातून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू होईपर्यंतची ती चार-पाच वर्षे तारापूर-बोईसरच्या जुन्या माणसांना अजून आठवतात. परदेशी अभियंते येथे राहिले, काही जण बायकामुलांसह राहिले. बैलगाडीच्या रस्त्यावर मोठमोठी यंत्रे आली आणि पाठोपाठ गोरी माणसेही आली.

माझे वडील तेव्हा तेथील एका कंत्राटदाराच्या कचेरीत कारकून होते. ते सांगत, की ही कुटुंबे सुटीच्या दिवशी घरी थांबत नसत. गळ्यात कॅमेरा अडकवून कधी कोळीवाड्यात, कधी आठवड्याच्या बाजारात, कधी वारल्यांच्या पाड्याकडे निघत. एके दिवशी एका अभियंत्याच्या पत्नीने वडिलांना तारापूरच्या खाडीकडील तटबंदी दाखवून विचारले, “हे काय आहे?” वडील म्हणाले, “जुना किल्ला.” “कोणी बांधला?” “पोर्तुगीजांनी.” “मग तो पोर्तुगीजांकडून तुमच्याकडे आला कसा?”

या तिसऱ्या प्रश्नाला वडिलांकडे उत्तर नव्हते. त्या तटाखालून ते लहानपणापासून सायकलने जात-येत होते. किल्ल्याच्या सावलीत त्यांनी भेळ खाल्ली होती. पण तो आपल्याकडे कसा आला, हा प्रश्न त्यांच्या मनास कधी शिवलाच नव्हता. त्या आठवड्यात त्यांनी वाचनालयात जाऊन पुस्तके काढली आणि आयुष्यात प्रथमच वहीत टिपणे केली. पुढच्या सोमवारी त्या बाईंना त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तर दिले. बाईंनी ते आपल्या रोजनिशीत उतरवून घेतले. वडील नेहमी म्हणत, “आपल्या गावाचा इतिहास मला सातासमुद्रापलीकडच्या बाईने शिकविला, कारण तिने विचारले आणि मी विचारले नव्हते.”

ते उत्तर असे होते. चिमाजीअप्पांच्या उत्तर कोकणच्या मोहिमेत १७३९ च्या जानेवारी महिन्यात माहीम, शिरगाव ही ठाणी एकापाठोपाठ एक मराठ्यांनी घेतली आणि महिनाअखेरीस तारापूरच्या तटाला शिड्या लागल्या. किल्ला सर झाला, पण त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हा मोहरा कामी आला. त्यांच्या मातोश्रींना पेशव्यांकडून गेलेले सांत्वनपत्र मराठी पत्रव्यवहारातील अत्यंत हृद्य पत्रांपैकी एक मानले जाते. पुढे मे महिन्यात वसई पडली. वसईचा विजय आपण सारे जण जाणतो. आपल्या व्याख्यानमालांत त्याचा उल्लेख झाला नाही असे वर्ष जात नाही. परंतु त्या विजयाची किंमत ज्या तटाखाली मोजली गेली, तो तट बोईसर स्थानकापासून बसने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, आणि व्याख्यान ऐकून टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी किती जण तेथे जाऊन उभे राहिले आहेत? हा प्रश्न इतरांना विचारण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावा, म्हणून येथे मांडला आहे.

‘इथे काय आहे?’

तर आता त्या बोईसरच्या तरुण गृहस्थाचा प्रश्न घेऊ. इथे काय आहे?

बोईसरच्या उत्तरेला चिंचणी हे गाव आहे. १९५५ साली तेथे काही ताम्रपट सापडले. त्यांतील एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील आहे. त्या वेळी संजाण मंडळाचा कारभार मधुमती सुगतिप नावाच्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप होय, असे अभ्यासक सांगतात. या अधिकाऱ्याने नदी ओलांडण्यासाठी विनामूल्य नावांची सोय केली, अन्नछत्र घातले, आणि तेथील देवीच्या मठाला राजाच्या संमतीने जमीन दिली, असे तो ताम्रपट सांगतो. अकराशे वर्षांपूर्वी दूरदेशाहून येऊन या किनाऱ्यावर राहिलेला माणूस येथल्या राजाचा सेवक झाला, येथल्या देवस्थानाचा आधार झाला आणि त्याचे नावही येथल्या भाषेने आपल्या वळणाचे करून घेतले. या भूमीचे पचनसामर्थ्य दाखविणारा याहून बोलका पुरावा कोणता? पण चिंचणीच्या समुद्रकिनारी रविवारी चणे खाणाऱ्यांपैकी कोणाला हे कोणी सांगितले आहे?

पालघरहून रिक्षाने जाण्यासारखा शिरगावचा किल्ला आहे. त्याच्या तटावर फांद्या फुटलेला ताड उभा आहे. लोक त्याला रावणताड म्हणतात. केळवे-माहीमच्या पानमळ्यांची ख्याती पूर्वापार आहे. याच माहीम परिसराच्या बिंब राजवटीची हकिकत सांगणारी ‘महिकावतीची बखर’ इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली. तिचा काही भाग पंधराव्या शतकातला आहे. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीत वाघोबाचे स्थान आहे आणि तेथूनच काळदुर्गाची वाट चढते. बोईसरच्या पाठीशी आसावा किल्ला आहे. त्याच्या माथ्यावरील कातळात कोरलेली पाण्याची टाकी पाहिली की त्या काळच्या जलव्यवस्थापनाची कल्पना येते. डहाणूजवळ विवळवेढे येथे महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते आणि गावोगावचे वनवासी बांधव नवस फेडावयास लोटतात.

आणि गंजाड. डहाणू तालुक्यातील या गावाच्या एका पाड्यावर जिव्या सोमा म्हसे राहत असत. वारली चित्र हे मुळात लग्नघरातील स्त्रियांनी गेरूने सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढावयाचे असते. त्यातील देवचौकात पालघाट देवी असते, आणि धवलेरी गीते गाऊन लग्न लावते. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराने पाड्यापाड्यांत फिरून ही कला कागदावर आणावयास लावली, तेव्हा म्हसे पुढे आले. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने भरविलेल्या जागतिक कलाप्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २००३ साली जर्मनीत डुसेलडॉर्फच्या संग्रहालयाने रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या बरोबरीने त्यांची चित्रे मांडली. भारत सरकारने २०११ साली त्यांना पद्मश्री दिली. २०१८ साली ते गेले. पॅरिस आणि डुसेलडॉर्फ ज्याला ओळखत होते, त्याचे घर बोईसरहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतके जवळ होते. माझ्या त्या नातेवाइकाच्या जर्मनीतील दिवाणखान्यात वारली नक्षीचा छापील पडदा आहे. तो त्याने ऑनलाइन मागविला.

का दिसत नाही?

माणसे आळशी आहेत किंवा परदेशाला भुलली आहेत, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण ते खरे नव्हे. परदेशी राहणारे मराठी कुटुंब हौशी असते, जिज्ञासू असते. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ आणि मीना प्रभू यांचे ‘माझं लंडन’ वाचून ज्या पिढ्या वाढल्या, त्यांना पाहण्याची आवड नाही असे कोण म्हणेल? लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ सालची आहे. म्हणजे परदेशात राहून आपले सण, नाटक आणि गाणे जपण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे.

मग घोडे अडते कोठे? मला तीन कारणे दिसतात. पहिले, परदेशातील वास्तव्याला मुदत असते. व्हिसा संपावयाचा असतो, करार संपावयाचा असतो, म्हणून माणूस यादी करतो. घरच्या गोष्टींना मुदत नाही अशी आपली समजूत असते. किल्ला काय, आज आहे तसा उद्याही असेल, या भरवशावर आयुष्य निघून जाते.

दुसरे कारण सोयीचे आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. तिकडे रस्ता नीट, फलक नीट, माहितीपत्रक नीट, स्वच्छतागृह स्वच्छ. इकडे म्हाताऱ्या आईला घेऊन किल्ल्यावर जावे, तर नैसर्गिक गरजेची सोय कोठे, येथपासून सुरुवात. किल्ल्याच्या दाराशी ना सनावळी, ना नकाशा. तारापूरचा किल्ला तर दीर्घकाळ खासगी मालकीत आहे, आत जावयाचे तर परवानगीचा प्रश्न. ही शासनाची उणीव आहे आणि ती स्पष्ट शब्दांत सांगावयास हवी. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याने नवी मुख्यालये बांधली, तशी आपल्या किल्ल्यांवर साधी पाटी लावणे अशक्य नव्हते.

पण याच ठिकाणी तिकडचा एक धडाही घ्यावा. इंग्लंडमध्ये १८९५ साली स्थापन झालेला नॅशनल ट्रस्ट जुने वाडे, बागा आणि किनारे सांभाळतो, तो सभासदांच्या वर्गणीवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर. निवृत्त शिक्षक, निवृत्त कारकून तेथे खुर्ची टाकून बसतात आणि आल्यागेल्याला माहिती सांगतात. सरकारने करावे म्हणून ते थांबले नाहीत. आपल्याकडेही ‘किल्ले वसई मोहीम’सारख्या उपक्रमांतील तरुण हातात कोयते घेऊन तटावरची झाडी काढतात. त्यांना शाबासकी देणारे पुष्कळ. त्यांच्या सोबत रविवारी जाणारे मोजके.

तिसरे कारण मनातले आहे. बोईसर-तारापूर हे आज औद्योगिक गाव आहे. उत्तर प्रदेश, बिहार, गुजरात, बंगाल, तमिळनाडू अशा सर्व प्रांतांतून माणसे पोटासाठी येथे आली. त्यांना वाटते, गाव आपले नाही. नोकरी आपली, खोली आपली. आणि जुन्या गावकऱ्यांना वाटते, गाव आता आपले राहिले नाही. अशा रीतीने जे गाव कोणाचेच उरत नाही, त्याचे नदीनाले घाण झाले तरी कोणाला राग येत नाही. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविषयी वर्षानुवर्षे तक्रारी होत आल्या. त्या तक्रारींत किनाऱ्यावरचे मच्छीमार आहेत, पण सदनिकांतील सुशिक्षित मध्यमवर्ग अभावानेच आहे. जे पाहिलेले नाही, त्याच्यासाठी कोण भांडणार?

मुदत इथेही आहे

घरच्या गोष्टींना मुदत नसते ही समजूत या जिल्ह्यात तरी खोटी ठरली आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन होत्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाच्या बाबतीत हात आखडता घेतला, आणि पुढे आपल्या शास्त्रज्ञांनी त्याच आवारात ५४० मेगावॉटच्या दोन देशी अणुभट्ट्या उभ्या केल्या. त्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. या पराक्रमाचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. परंतु त्या उभ्या राहाव्यात म्हणून अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. गावकऱ्यांना दुसरीकडे वसविले गेले, नावेही तीच ठेवली गेली. पण समुद्राकाठचे ते मूळ अंगण, ते देऊळ, ती वाडी आता कोणालाही पाहावयास मिळणार नाही. त्या गावांचे छायाचित्र बोईसरच्या किती घरांत आहे?

३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बुलेट ट्रेनचा मार्ग याच जिल्ह्यातून जातो आहे आणि बोईसरला तिचे स्थानक होणार आहे. देश मोठा व्हावयाचा तर बंदरे हवीत, हे कोणी नाकारणार नाही. ज्यांची जाळी त्या पाण्यात आहेत, त्यांची धास्तीही खोटी नाही. पण यापुढचा बदल न्याय्य रीतीने व्हावा, काय राखावे आणि काय सोडावे याचा विचार व्हावा, असे वाटत असेल, तर इथे काय आहे हे माहीत असलेली माणसे इथे असावी लागतील. ‘इथे काही नाही’ असे ज्या गावाचे सुशिक्षितच म्हणतात, त्या गावाचे काहीही घेताना कोणाचा हात अडखळणार?

आणखी एक मुदत आहे, ती बोलून दाखविणे अवघड आहे. आजीआजोबांचे वय. परदेशी असलेल्या मुलाच्या हाती वर्षाकाठी तीन आठवडे असतात. ते बँकेची कामे, दाताचा डॉक्टर आणि खरेदी यांत संपतात. ज्या आजोबांना महालक्ष्मीच्या यात्रेची प्रत्येक प्रथा ठाऊक आहे, त्यांच्यासोबत नातवाने ती एकदा पाहिली नाही, तर पुढे पुस्तकातून ती कळेल, पण त्या बोटाला धरून कळणार नाही. माझ्या वडिलांची ती टिपणांची वही आज माझ्याकडे आहे. तिच्या शेवटच्या पानावर ‘आसावा – राहिले’ एवढेच लिहिलेले आहे. ते त्यांना कोणी नेले नाही. मीच नेले नाही.

महिन्यातून एक रविवार

म्हणून एक साधी सूचना. प्रत्येक कुटुंबाने महिन्यातील एक रविवार आपल्या तालुक्यासाठी राखून ठेवावा. शेजारी परप्रांतातून आलेले कुटुंब असेल, तर त्यालाही सोबत घ्यावे. मुलांनी जाण्यापूर्वी तीन प्रश्न लिहावेत आणि आल्यावर उत्तरे लिहावीत. पाड्यावर जाल तर विचारून जावे. घर हे प्रदर्शन नव्हे. चित्र घ्याल तर घासाघीस न करता कलावंताच्या हाती पैसे द्यावेत. किल्ल्यावर बाटल्या आणि भोंगे नेऊ नयेत, तटावर नावे कोरू नयेत. परदेशातून सुटीला येणाऱ्यांनी तिकडची यादी करण्याची सवय इकडेही आणावी. ती उत्तम सवय आहे. १६ एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते. खर्चाची सबबही फारशी उरलेली नाही.

त्या सुटीत दुसऱ्या दिवशी मुंबईचा बेत मी लांबणीवर टाकावयास लावला. आम्ही पालघरला पाचबत्तीवर उतरलो. मुलीने विचारले, “पाचच दिवे का?” तिच्या वडिलांनी कॉलेजच्या दिवसांत हा चौक शेकडो वेळा ओलांडला होता. ते माझ्याकडे पाहू लागले. १४ ऑगस्ट १९४२ रोजी मामलेदार कचेरीवर तिरंगा लावावयास निघालेल्या जमावावर गोळीबार झाला आणि पाच जण पडले, हे मी सांगितले. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तिवारी आणि सुकुर मोरे. तिने पाचही नावे वहीत लिहून घेतली. तिवारी या नावाशी थांबून ती म्हणाली, “हे उत्तरेकडचे होते का?” मी म्हटले, “आडनाव तिकडचे. हुतात्मा मात्र पालघरचा.”

तेथून शिरगावला गेलो. तटावर चढल्यावर तिने त्या फांद्यांच्या ताडाकडे बोट दाखवून विचारले, “याला इतक्या फांद्या कशा फुटल्या?” तिच्या वडिलांना उत्तर आले नाही. त्यांनी खिशातून पेन काढले आणि प्रश्न तिच्या वहीत लिहून ठेवला.